पंपाच्या पेटींतील शहाणपण आणि डी. पी. वरील पाळी

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या विहिरीवर एक नवा गडी नोकरीस राहिला आहे. तो पगार मागत नाहीं, रजा घेत नाहीं, आणि रात्रीं दोन वाजतां वीज आली तरी कुरकुर न करितां मोटार चालू करितो. स्टार्टरच्या शेजारीं लटकणाऱ्या ह्या लहानशा पेटीस कोणी ऑटो म्हणतात, कोणी मोबाइल स्टार्टर, तर कोणी कंट्रोलर. पुष्कळ पेट्यांच्या पोटांत नखाएवढा संगणक असतो व त्यास कोणी तरी आधींच लिहून दिलेल्या आज्ञा असतात. त्या आज्ञा कशा लिहिल्या आहेत, ह्यावर आपली मोटार, आपलें पीक आणि साऱ्या शिवाराचें रोहित्र अवलंबून असतें. तरीहि पेटी विकत घेतांना आपण किंमत विचारतों, हमी किती वर्षांची तें विचारतों, आणि ती आंतून कोणत्या रीतीनें वागते हें मात्र विचारीत नाहीं. बैल घेतांना दांत व चाल पाहणाऱ्या शेतकऱ्यास हें शोभत नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें नम्र मत आहे.

दुसऱ्या यंत्राच्या पोटांत बसून त्याचा कारभार पाहणाऱ्या अशा संगणकास तंत्रज्ञ लोक ‘एम्बेडेड’ म्हणतात. आणि ज्या कामांत वेळ चुकली कीं काम चुकलें, त्यास ते ‘रिअल-टाइम’ म्हणतात. बँकेच्या संगणकानें शिल्लक सांगण्यास अर्धा मिनिट अधिक घेतला तरी आंकडा खोटा ठरत नाहीं. येथें तसें नाहीं. एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७० सालीं सुरू झाला. तो व त्याच्या जोडीचा संच आतां निवृत्त झाले असून २१० मेगावॉटचे तीन संच उरले आहेत. त्यांचा टर्बाइन मिनिटास ३,००० फेरे घेतो, तेव्हां कोठें आपल्या घरीं सेकंदास ५० आवर्तनांची वीज येते. जाळ्यावरील भार अकस्मात् सुटला तर वाफ क्षणार्धांत बंद झाली पाहिजे. हाच हुकूम एका मिनिटानें सुटला तर तो अक्षरशः बरोबर असूनहि निरुपयोगी होय. आपल्या विहिरीवरील पेटी त्या केंद्राच्या मानानें अगदीं किरकोळ खरी. परंतु तिची जात तीच आहे.

अशीं यंत्रें बांधतांना त्याच त्या अडचणी पुनःपुन्हां येतात, आणि अनुभवी लोकांनीं त्यांवर ठरीव तोडगे बसवून ठेवले आहेत. त्यांस ‘डिझाइन पॅटर्न’, म्हणजे रचनेचे नमुने म्हणतात. ही कल्पना मूळची घरें बांधणारांची. क्रिस्तोफर अलेक्झांडर नांवाच्या वास्तुशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ सालीं इमारतींच्या नमुन्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९४ सालीं चौघां संगणकतज्ज्ञांनीं आज्ञावलींच्या नमुन्यांवर तसाच ग्रंथ लिहिला, आणि तेव्हांपासून ही परिभाषा रूढ झाली. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी शाळेंत सातवीपर्यंतचें, व हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेलेली. तेव्हां संगणकाची विद्या आपणांस येते असा त्याचा दावा नाहीं; विद्युत केंद्रांत व मोटार दुरुस्तींत आयुष्य घालविलेल्या जाणत्या मंडळींस विचारून जें समजलें तें येथें मांडिलें आहे. परंतु ‘नमुना’ म्हणजे काय हें महसुली कारकुनास निराळें शिकवावें लागत नाहीं. आपला सातबारा म्हणजे गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा ह्यांची जोडी. गांव बदललें, तलाठी बदलला, तरी नमुना तोच राहतो. म्हणूनच कोणत्याहि गांवचा उतारा आपणांस वाचतां येतो आणि कोणता रकाना कोरा राहिला तें चटकन् दिसतें.

पहिला नमुना अवस्थांचा. फेरफार कसा होतो तें पाहा. खरेदीची वर्दी येतांच सातबाऱ्यावर नांव चढत नाहीं. आधीं गांव नमुना सहांत नोंद, मग हितसंबंधी इसमांस नोटीस, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत, हरकत न आल्यास मंडल अधिकाऱ्यांचें प्रमाणीकरण, आणि मगच सातबारा. हरकत आली तर नोंद तक्रारी वहींत जाते व निकाल लागल्याशिवाय पुढें सरकत नाहीं. पंपाच्या पेटीस अशाच अवस्था असाव्या : बंद, प्रतीक्षा, चालू आणि दोष. वीज आली कीं बंदमधून प्रतीक्षेंत यावें. तिन्ही फेज पुरेशा दाबानें व ठरलेला वेळ टिकल्या तरच चालू व्हावें. मध्येंच वीज लुकलुकली तर मोजणी पुन्हां शून्यापासून धरावी. विहिरीचें पाणी संपलें किंवा एक फेज गेली तर दोष ह्या अवस्थेंत जावें, आणि दोषांतून थेट चालू होण्यास वाट नसावी. पुष्कळ स्वस्त पेट्यांचें दुखणें नेमकें येथें आहे. वीज गेली कीं त्या दोष विसरतात, आणि वीज परत येतांच कोरड्या विहिरीवर मोटार पुन्हां ओढूं लागतात. दोषाची नोंद वीज गेल्यावरहि पुसली जाऊं नये. ती मालकानें पाहून मगच काढावी.

दुसरा नमुना आज्ञेच्या मुदतीचा. मोबाइलवरून दुरून मोटार चालविण्याची सोय आपल्याच प्रांतांत वाढली. पुण्याचे संतोष ओस्तवाल ह्यांच्या ‘नॅनो गणेश’ ह्या साधनाचा २००९ सालीं नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत गौरवहि झाला. रात्रींच्या अंधारांत, सापाकिरडाच्या व बिबट्याच्या भयांत बांधावरून होणारी पायपीट ह्या सोयीनें वांचली, हें मोठेंच काम होय. पण निरोप उशिरां पोहोंचूं शकतो, हें पेटी लिहिणारानें धरून चालावयास हवें. आमच्या शेजारच्या एका बागाईतदारानें सायंकाळीं सहा वाजतां ‘चालू’ असा निरोप धाडला. टॉवर बंद असल्यानें तो अडकला व रात्रीं अकरानंतर पोहोंचला. मधल्या वेळांत त्यानें दुरुस्तीसाठीं पाइप खोलून ठेविला होता. पाणी रात्रभर ओढ्यास गेलें. ती पेटी कोणाची होती हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मुद्दा इतकाच कीं पेटीनें आज्ञेवरील वेळ पाहिली असती आणि दहा मिनिटांपेक्षां जुनी आज्ञा टाकून दिली असती, तर हा प्रकार घडता ना. मुदतबाह्य अर्ज कचेरींत दाखल करून घेत नाहींत, त्यांतलाच हा न्याय.

तिसरा नमुना जागल्याचा. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस मोसम नदीवर आणि शेजारच्या धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवर जी जुनी फड पद्धत आहे, तींत पाटकरी व जागल्या हे गांवानें नेमलेले असत. पाटकऱ्यानें पाणी पाळीनें द्यावें व जागल्यानें राखण करावी. संगणकांतहि असा जागल्या बसवितात. तो स्वतंत्रपणें सेकंद मोजीत असतो, आणि मुख्य आज्ञावलीनें ठराविक वेळांत ‘मी जागी आहें’ अशी हाक दिली नाहीं तर तो संगणक नव्यानें सुरू करितो. १९९७ सालीं मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या ‘पाथफाइंडर’ यानांत ह्याच जागल्यानें संगणक वारंवार नव्यानें सुरू केला. शोध करतां असें आढळलें कीं, हवामानाच्या नोंदी करणारें एक हलक्या दर्जाचें काम सामाईक वस्तु हातीं धरून बसलें होतें. अत्यंत निकडीचें काम त्या वस्तूसाठीं खोळंबलें होतें. आणि मधल्या दर्जाचीं कामें त्या हलक्या कामास पुढें सरकूंच देत नव्हतीं. कचेरींत वही कनिष्ठ कारकुनाच्या हातीं असावी, तहसीलदार तिची वाट पाहत असावेत, आणि अव्वल कारकुनानें मध्येंच त्या कनिष्ठास दुसऱ्या कामास जुंपावें, असा तो प्रकार. उपाय असा कीं, वही परत करीपर्यंत त्या कनिष्ठाचें काम तहसीलदारांचेंच समजावें. तंत्रज्ञांनीं पृथ्वीवरून आज्ञा धाडून तसें केलें आणि यान सुरळीत चाललें. आपल्या पेटीपुरतें ह्यांतून इतकें घ्यावें : मालकास निरोप धाडणें हें हलकें काम, मोटार थांबविणें हें निकडीचें. जी पेटी निरोप जाईपर्यंत मोटार थांबविण्याचें काम तहकूब ठेवते, ती घेऊं नये.

हे तीन नमुने ज्याच्या त्याच्या मोटारीपुरते. चौथा नमुना साऱ्या शिवाराचा आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठींच लिहिला आहे.

शेतीची वीज आपणांकडे चक्राकार पद्धतीनें, कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं, सुमारें आठ तास मिळत आली आहे. वीज येतांच ऑटो मोटार ओढतो, आणि एका रोहित्रावरील, म्हणजे आपल्या भाषेंत एका डी. पी. वरील, सारे ऑटो एकाच क्षणीं ओढतात. हिशेब करून पाहूं. पांच अश्वशक्तीची मोटार चालतांना सुमारें सात अँपिअर प्रवाह घेते; पण थेट स्टार्टरनें उठतांना ती पहिले कांहीं सेकंद पांच ते सात पट घेते. सहापट धरली तर बेचाळीस अँपिअर झाले. डी. पी. वर अशा पंधरा मोटारी असतील तर चालतांना १०५ अँपिअर लागतात. शंभर के. व्ही. ए. च्या रोहित्राची शक्ति सुमारें १३३ अँपिअर, म्हणजे येथवर सारें यथास्थित आहे. परंतु पंधराहि मोटारी एकदम उठल्या तर मागणी ६३० अँपिअरवर जाते, म्हणजे रोहित्राच्या शक्तीच्या जवळजवळ पावणेपांच पट. दाब कोसळतो, दाब कमी म्हणून मोटारी हळू उठतात, हळू उठतात म्हणून जास्त प्रवाह जास्त वेळ ओढतात. ह्यांत फ्यूज उडतो, आणि नशीब खोटें असेल तर रोहित्र जळतें. मग द्राक्षांत पाणी उतरण्याच्या दिवसांत किंवा कांदा पोसण्याच्या ऐन वेळीं दुसरें रोहित्र येईपर्यंत साऱ्यांनींच आभाळाकडे पाहत बसावयाचें.

महावितरण कंपनी कित्येक वर्षें आपणांस विनंति करीत आली आहे कीं, ऑटोस्विच काढा व कपॅसिटर बसवा. कपॅसिटरबद्दल वाद नाहीं. त्यानें प्रवाह कमी होतो व तो प्रत्येकानें बसवावा. परंतु ‘ऑटो काढा’ हा सल्ला इतकीं वर्षें कोणी मानिला नाहीं, आणि रात्रींची पाळी असे तोंवर कोणी मानणारहि नाहीं. ऑटो काढणें म्हणजे थंडींत मध्यरात्रीं म्हाताऱ्या बापास किंवा पोरास विहिरीवर धाडणें होय. जो उपदेश पाळणें माणसास शक्य नाहीं, तो दर वर्षीं छापून उपयोग काय? उलट पक्षीं, ‘माझी मोटार तर सुरू झाली, डी. पी. चें कंपनी पाहील’ ही आपली वृत्तीहि तितकीच चुकीची आहे. तोडगा ऑटो काढण्यांतहि नाहीं व आहे तसा ठेवण्यांतहि नाहीं. तो ऑटोस पाळी शिकविण्यांत आहे.

पाळी लावण्याचा नमुना दोन प्रकारचा आहे. १९७१ सालीं हवाई बेटांवर बिनतारी संदेशानें संगणक जोडले गेले, तेव्हां दोघे एकदम बोलले कीं दोघांचेहि संदेश बिघडत. दोघांनीं तितकाच वेळ थांबून पुन्हां बोलावें तर पुन्हां टक्कर व्हावयाची. म्हणून ज्यानें त्यानें मनास येईल तितका, निरनिराळा वेळ थांबून पुन्हां प्रयत्न करावा, असें ठरलें. ही चिठ्ठी उचलण्याची पद्धत. दुसरी पद्धत आपल्या फडाची : क्रम आधींच ठरलेला, पाटकरी त्या क्रमानें बारें देणार. चिठ्ठीच्या पद्धतीस कोणाशीं बोलावें लागत नाहीं. पण पंधरा जणांत दोघा-तिघांची चिठ्ठी एकच निघावयाचीच. तरी ६३० अँपिअरपेक्षां तें पुष्कळ बरें. जेथें डी. पी. वर मोटारी किती व कोणाच्या हें धड ठाऊक नाहीं, तेथें ती ठीक. परंतु आपणांस आपले शेजारी ठाऊक आहेत, सबब आपण फडाचीच पद्धत घ्यावी असें लेखकाचें मत आहे.

ती अशी. डी. पी. वरील प्रत्येक मोटारीस क्रमांक द्यावा आणि दर क्रमांकास वीस सेकंदांचें अंतर ठेवावें. पहिली मोटार वीज आल्यावर वीस सेकंदांनीं उठेल, पंधरावी पांच मिनिटांनीं. शेवटची उठतांना चौदा मोटारींचे ९८ व तिचे ४२ मिळून १४० अँपिअर होतात. तेंहि दोन-चार सेकंद, व तें रोहित्र सहज सोसतें. आठ तासांतील पांच मिनिटें म्हणजे शेंकडा एक. आणि क्रम दर महिन्यास उलटा केला तर शेवटचा पहिला होतो व कोणाचेंच नुकसान होत नाहीं. दाब कमी म्हणून एखादी मोटार न उठली, तर पुन्हां प्रयत्न करण्यांतहि तोच क्रम पाळावा; नाहीं तर साऱ्या मोटारी एकदम थांबून पुन्हां एकदम उठतील. ह्यास नवी पेटीहि लागतेच असें नाहीं. कित्येक पेट्यांत उशिराची घुंडी किंवा आंकडा घालण्याची सोय असते. मात्र ती कोणी लावीत नाहीं, किंवा सारेच विक्रेत्यानें घातलेल्या एकाच आंकड्यावर ठेवितात. सर्वांनीं एकदम तीस सेकंद थांबून एकदम उठणें म्हणजे पाळी नव्हे.

ह्यावर आक्षेप येतील. पहिला असा कीं, एखादा आपला आंकडा शून्य करून ठेवील. ठेवो, एकटा शून्यावर राहिला तर डी. पी. चें कांहीं बिघडत नाहीं. दहा जण राहिले तर बिघडतें, व मग त्या दहांचेंहि बिघडतें. म्हणून यादी लिहून प्रत्येकाकडे एक प्रत असावी. उघड्यावर लिहिलेला क्रम मोडण्यास माणूस कचरतो, हा महसुली कामांतील नेहमींचा अनुभव आहे. दुसरा आक्षेप असा कीं, मोठें रोहित्र बसविणें हें कंपनीचें काम आहे. तें खरेंच आहे, आणि जेथें भार वाढला आहे तेथें ती मागणी आपण नेटानें केलीच पाहिजे. परंतु साऱ्या मोटारी एका क्षणीं उठतील असें धरून कोणतेंहि रोहित्र मापलेलें नसतें. तिसरा असा कीं, २०१७ सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेनें दिवसा वीज मिळूं लागली कीं हा प्रश्न आपोआप सुटेल. रात्रींची पायपीट सुटेल, आणि ती सुटावी. पण वाहिनीवरील वीज दिवसा आली तरी सर्वांस एकाच क्षणीं येईल, आणि एकदां बसविलेला ऑटो कोणी काढणार नाहीं. सूर्याच्या विजेनेंहि मोटार उठतांना सहापटच ओढते.

सबब पेटी विकत घेतांना विक्रेत्यास पांच प्रश्न विचारावे. वीज आल्यावर किती सेकंद थांबते, व तो आंकडा मला बदलतां येतो काय? लुकलुकणाऱ्या विजेंत मोजणी पुन्हां शून्यापासून धरते काय? दोष वीज गेल्यावरहि लक्षांत ठेवते काय? जुना निरोप टाकून देते काय? आंतील संगणक अडकला तर त्यास जागें करणारा जागल्या आहे काय? उत्तरें तोंडी घेऊं नयेत. लायसनधारक वायरमन जवळ उभा करून वीज दहा वेळां घालवून आणावी व मनगटावरील घड्याळानें सेकंद मोजावे. त्याच्याकडून एक फेज काढवून मोटार थांबते कीं नाहीं तें पाहावें. चालू मोटारींत सिम काढून पेटी काय करिते तें पाहावें. अर्ध्या तासाचें काम आहे. जो विक्रेता ह्यास तयार होत नाहीं, त्याच्याकडून पेटी घेऊं नये.

शेवटीं आपल्या मंडळास एक सूचना आहे. येत्या सभेंत प्रत्येक डी. पी. च्या गटानें आपल्या मोटारींची यादी, अश्वशक्ति व क्रमांक लिहून आणावा. यादी मंडळाच्या दप्तरीं राहावी, आणि तिची एक प्रत महावितरणच्या शाखा कार्यालयास देऊन मंडळानें लेखी विचारावें कीं, ‘ऑटो काढा’ ह्या आवाहनाच्या जागीं ‘ऑटोस क्रम लावा’ असें आवाहन आपण कराल काय, व क्रम लावलेल्या ऑटोस संमति द्याल काय. होकार आला तर उत्तम. नकार आला तर कारणें लेखी मागावीं व तींहि सभेंत वाचावीं. तोंवर क्रम लावण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण दिसत नाहीं; पुढील पाळीची वीज येण्यापूर्वीं एका डी. पी. वर तरी प्रयोग व्हावा, अशी सर्व सभासदांस विनंति आहे.